विहीणबाईंबरोबर भर समुद्रात

जहाजावर ज्या दिवशी एकही बंदर लागत नाही, त्या दिवसाला तिथले लोक ‘सी डे’ म्हणतात. आदल्या संध्याकाळी खोलीत एक रंगीत पत्रक ठेवलेलं असतं. त्यात हा शब्द असा काही छापलेला असतो की वाटावं, आपल्याला बक्षीसच लागलंय. खाली दिवसभराचे उद्योग. रुमालाच्या घड्या घालून हंस करायला शिका, खुर्चीत बसून व्यायाम करा, सामान्यज्ञानाची स्पर्धा खेळा, दुपारी हाउझी, मग चहा, मग पुन्हा हाउझी. मला कुणी ‘मजा करा’ म्हटलं की माझी मजा तिथेच संपते. हा स्वभाव लहानपणापासूनचा आहे आणि साठी उलटल्यावर तो सुधारेल ही आशा आमच्या ह्यांनीही आता सोडून दिली आहे.

पण त्या दिवशी प्रश्न माझ्या स्वभावाचा नव्हता. बाली मागे पडलं होतं, पुढे ऑस्ट्रेलियातलं डार्विन यायचं होतं आणि मध्ये नुसतं पाणी. उतरायला जागा नाही, बघायला देऊळ नाही, बस सुटेल म्हणून पळायला नको. सिंगापूरला जहाजात बसल्यापासून ज्या बाईची मी नजर चुकवत होते, तिच्याबरोबर मला अख्खा दिवस काढायचा होता. ती बाई म्हणजे माझी विहीण.

आम्ही चौघं होतो. मी, आमचे हे, आणि सुनेचे आईवडील. सुनेच्या वडिलांना सगळे अण्णा म्हणतात आणि आईला अक्का. बंगळुरूच्या चामराजपेटात त्यांचं बटणं, लेस आणि दोऱ्यांचं जुनं दुकान आहे, आणि त्या गल्लीतली शेंबडी पोरंही त्यांना याच नावानं हाक मारतात, म्हणून मीही मारते. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी तिकडे जाऊन राहिलेलं. मराठी बोलतात, पण तिच्यात कानडी अशी मिसळलेली की वेगळी काढता येऊ नये. आम्ही दोघं पुण्याहून सरकारी नोकऱ्यांसाठी बंगळुरूला आलो, जे. पी. नगरात घर बांधलं आणि तिथेच निवृत्त झालो. मुलाच्या लग्नात आमच्या पुण्याच्या नातेवाइकांनी ‘थोडं’ला ‘स्वल्प’ आणि ‘बरं’ला ‘सरी’ म्हणणाऱ्या अक्कांना तोंडाला पदर लावून हसून घेतलं होतं. मीही हसले होते.

विहिणी म्हटल्या की मानपान आला, उणीदुणी आली. आमच्यातही वर्षभर तेच चाललं. मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि ही बाई रोज दोन बस बदलून माझ्यासाठी डबा घेऊन यायला लागली. माझ्या पलंगाशेजारी बसायची, दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची आणि मला इतकं हसवायची की टाके दुखायचे. नोकरी केलेल्या बाईला ओळखी पुष्कळ असतात, पण मैत्रीण असतेच असं नाही. मला नव्हती. ही मला उतारवयात, सुनेच्या मागोमाग, आयती मिळाली. हे मी तेव्हा कुणाला बोलून दाखवलं नाही, पण ते खरं होतं.

हा प्रवास मुलानं आणि सुनेनं मिळून आम्हा चौघांना भेट म्हणून दिला होता. तिकिटं काढून वर्ष होत आलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सून एकटीच आमच्याकडे आली. मी बॅग भरत होते. ती पलंगावर पलीकडच्या बाजूला बसली आणि माझ्या साड्यांच्या घड्या घालायला लागली. घड्या घालता घालताच तिनं सांगितलं की ती आणि आमचा मुलगा वेगळे होतायत.

“भांडण नाही, आई,” ती म्हणाली. “तिसरं कुणी नाही. एचएसआर लेआउटच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही दोन पीजीवाल्यांसारखे राहतो. एका फ्रिजमध्ये दोघांची दोन दुधाची पाकिटं.”

मी बरंच काही बोलले. जे बोलायचं असतं तेच बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, “तिनं सांगितलं ना? मग झालं तर.” बोलण्यात तो बापावर गेलाय. मग तिनं माझा हात धरला. तिच्या आईला ती अम्मा म्हणते आणि मला आई.

“अम्माला मी सांगेन, तुम्ही परत आल्यावर,” ती म्हणाली. “अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा दुकानाला एवढे दिवस कुलूप लावलंय. त्यांना नीट जाऊन येऊ दे. तुम्ही तिला काही बोलू नका. शब्द द्या मला.”

मी शब्द दिला. जाताना चप्पल घालता घालता ती म्हणाली, “अम्माला सांगितलं की ती रडणार, आणि मग मलाच तिची समजूत काढत बसावं लागणार. तुमच्याशी बोलता येतं.” खोटं कशाला बोलू, त्या सगळ्या दुःखातही मला ते ऐकून बरं वाटलं.

ह्यांना मी विमानात सांगितलं. ह्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, “शब्द दिलायस ना? मग मूग गिळून गप्प बस.” यांनी सगळं आयुष्य यंत्रांमध्ये काढलं. बिघाड आहे हे कळलं, तो आपल्या अखत्यारीत नाही हेही कळलं, की यांच्या दृष्टीनं विषय संपतो. जहाजावर पाय ठेवल्यापासून यांनी अण्णांबरोबर जे रमीचे डाव मांडले, ते जेवायला उठण्यापुरतेच थांबायचे. गप्प बसायला यांना पत्ते पुरत होते. माझ्या वाट्याला अक्का होत्या, आणि अक्कांबरोबर गप्प बसणं कुणालाच जमत नाही.

तर त्या सी डेच्या सकाळी अक्का नेहमीसारख्या नाश्त्याच्या हॉलमध्ये स्टीलचा छोटा फिल्टर घेऊन बसल्या होत्या. जहाजावरच्या कॉफीला त्यांनी पहिल्याच दिवशी “पाणी” म्हणून निकालात काढलं होतं. बंगळुरूहून आणलेली पूड, जहाजाचं उकळतं पाणी, वाढप्याकडून गोड बोलून मिळवलेलं गरम दूध, असा तो थाट. एक पेला त्यांनी माझ्यापुढे सरकवला आणि माझ्याकडे बघून हसल्या.

“एक सांगू, ताई? रागवायचं नाही.”

“सांगा की.”

“तुम्हाला ठाऊक आहे. मला पण ठाऊक आहे. मग उगी दोघींनी लपवत कशाला बसायचं?”

माझ्या छातीवरचा दगड उतरला. म्हणजे मुलीनं शेवटी आईला सांगितलं होतं! मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. मी विचारलं, “तुम्हाला कुणी सांगितलं, अक्का?”

“सांगायला कोण पायजे? मी आई आहे की,” त्या म्हणाल्या, आणि आजूबाजूला मराठी कळणारं कुणी नसतानाही त्यांनी आवाज खाली आणला. “निघायच्या आधी माझ्याकडे येऊन चार दिवस राहिली. नुसती निजून. कॉफी नको, वास पण नको. चेहरा एवढासा झालेला. मी विचारलं, काय गं? तर म्हणते, अम्मा, आत्ता काही विचारू नको, तू परत आलीस की सांगते. अय्यो, एवढं पण कळत नाही काय मला? तीन महिने व्हायच्या आधी कुणाला बोलायचं नाही, हे मीच शिकवलंय तिला.”

मला समजायला क्षणभर वेळ लागला. समजलं तेव्हा हातातला पेला खाली ठेवावा लागला. आमच्यात ही रीत आहेच. दिवस गेले तरी तीन महिने भरेपर्यंत घराबाहेर वाच्यता करायची नाही. कधी कधी घरातही नाही. चार दिवस माहेरी येऊन निपचित पडणारी, खाणंपिणं टाकलेली, ‘नंतर सांगते’ म्हणणारी लग्न झालेली मुलगी म्हणजे काय, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईनं असंच ओळखलं असतं. मीही.

“अक्का, तसं काही...” मी सुरुवात केली.

“सरी, सरी. तुम्ही कबूल करू नका,” त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. “तुमच्याकडून शब्द घेतला असणार तिनं. सिंगापूरला त्या लहान पोरांच्या कपड्यांच्या दुकानाजवळ तुमचे डोळे भरले, तेव्हाच मी बघितलं. अण्णांना सांगितलं नाही हां मी. त्यांच्या पोटात काही राहत नाही. आपल्या दोघींतच असू दे.”

आणि त्या इतक्या खुशीत होत्या! कॉफीचा घोट घेऊन त्यांनी डोळे मिटले तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. बशीत काहीतरी वाढून घ्यायच्या निमित्तानं मी उठले आणि हॉलच्या दुसऱ्या दारानं सरळ बाहेर पडले.

आता वेळ कसा घालवायचा? एरवी बंगळुरूत माणसाला कुणाला टाळायचं असेल तर ट्रॅफिकचं नाव पुढे करता येतं. इथे काय सांगणार? मी डेकवर फेऱ्या मारल्या. तिसऱ्यांदा तेच निवृत्त गोरं जोडपं समोरून हसत आलं तेव्हा मी आत शिरले आणि रुमालाच्या हंसांच्या वर्गात जाऊन बसले. शिकवणारी मुलगी गोड होती. माझा हंस बदकासारखा झाला, त्याची मान टेबलावर पडत राहिली. ती म्हणाली, पुन्हा करून बघू या. मी म्हटलं, बाई, असू दे, त्याला आज बरं नाहीये. तिला ते काही कळलं नाही, पण ती मनापासून हसली, आणि मला एकदम रडू यायला लागलं म्हणून तिथूनही उठले.

सुनेला विचारावं, असं मनात आलं. तिला म्हणावं, तू मला शब्दातून मोकळं कर, इथे तुझी आई आजी होऊन बसली आहे. जहाजाचं इंटरनेट ह्यांनी “सुट्टीवर कशाला?” म्हणून घेतलंच नव्हतं. मी काउंटरवर जाऊन ते स्वतः घेतलं. फोनवर गोल गोल चक्र फिरत राहिलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, या भागात असं होतं, उद्या बंदराजवळ येईल. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, माझ्या तर चारी बाजूंनी समुद्रच होता.

मला भीती कशाची वाटत होती, ते सांगते. शब्द मोडला तर सून जाणार होती. मुलाची बायको म्हणून ती जातच होती, पण ‘तुमच्याशी बोलता येतं’ म्हणणारी ती मुलगी माझ्याकडे उरेल, एवढी एक आशा मी धरून होते. आणि शब्द पाळला तर अक्का जाणार होत्या. त्या रोज थोड्या थोड्या आजी होत जाणार, मी समोर बसून ते बघत राहणार, आणि घरी परतल्यावर त्यांना कळणार की मला सगळं ठाऊक होतं. मग त्या मला कधी माफ करतील? मी केलं नसतं.

जेवणाच्या वेळी चौघं एकत्र बसलो. अण्णा पत्त्यांत जिंकले होते, त्यामुळे खुशीत होते. अक्कांनी माझ्या ताटात न विचारता दही वाढलं. जेवण झाल्यावर पुरुष पुन्हा रमीला गेले आणि अक्कांनी माझा दंड धरला. “चला, तुम्हाला एक दाखवायचं आहे,” त्या म्हणाल्या.

जहाजाच्या एका बाजूला मोठ्या काचा लावलेलं लांबलचक बैठकीचं दालन होतं. पलीकडच्या टोकाला हाउझी चालली होती आणि माइकवरून आकडे पुकारले जात होते. खिडकीजवळच्या टेबलावर अक्कांनी पिशवी उघडली. आत मऊ जुन्या सुती कापडाचे तुकडे होते, फिकट निळ्या आणि पांढऱ्या रंगाचे, काठाकाठानं टाके घालून जोडलेले. बाळाचं दुपटं होतं ते. निम्म्याहून जास्त झालं होतं. म्हणजे रोज दुपारी ‘मी जरा पडते’ म्हणून खोलीत जायच्या, तेव्हा पडत नव्हत्या.

“आधी काही आणू नये, शिवू नये म्हणतात,” माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या म्हणाल्या. “पण ते नव्या कापडाला. जुन्याला दोष नाही. आमच्यात बाळाच्या अंगाला पहिल्यांदा नवं लावतच नाहीत. घरच्या बायकांनी नेसून नेसून मऊ झालेलं पायजे. ही माझ्या आईची साडी. वरचं अंग झालं की हे. खालचं अंग बापाच्या आईकडचं लागतं.” त्या थांबल्या. “तुम्ही उशीवर पसरता ना, ती जुनी साडी? ती द्या स्वल्प. एक पदर पुरे.”

मला परक्या उशीवर झोप येत नाही. प्रवासात मी नेहमी एक जुनी सुती साडी बरोबर नेते आणि रात्री उशीवर पसरते. अक्कांनी ती आमच्या खोलीत पाहिली होती. मी “आणते” म्हटलं आणि उठले. दुसरं काय म्हणणार होते?

खोलीत हे होते. चष्मा घ्यायला आले होते. मी साडी उशीवरून काढली आणि तिथेच खाली बसले. काय झालं ते सांगितलं. यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, “देऊन टाक साडी. कापडच आहे.”

“कापडच आहे?” माझा आवाज चढला. “तुमच्या मुलानं संसार मोडला, तुम्ही पत्ते खेळताय, आणि मी तिच्या आईला न झालेल्या नातवासाठी कापड पुरवू? ती बाई माझ्या पलंगाशी बसली होती. तुम्ही कुठे होता तेव्हा? ऑफिसात!”

“मग सांगून टाक.”

“शब्द दिलाय मी!”

हे रागावले नाहीत. म्हणाले, “मला सांगणंही येत नाही. न सांगता बसणंही येत नाही. म्हणूनच खेळतोय.” लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतकं सरळ वाक्य या माणसाच्या तोंडून मी क्वचितच ऐकलं असेल. मला त्यांची दया आली, पण तिचा उपयोग काही नव्हता. साडी घेऊन मी खाली गेले.

अक्कांनी ती टेबलावर पसरली. हातानं सारखी केली, गालाला लावून बघितली. “बरी मऊ आहे,” म्हणाल्या. पदराचा सरळ धागा शोधला, घडी घातली आणि बोथट टोकांची छोटी कात्री उचलली. दोऱ्यांच्या दुकानात जन्म गेलेली बाई ती, तिचा हात कापडावर कधी चुकत नाही. कात्रीचं तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “अक्का, कापू नका.”

“का? लागणार आहे काय तुम्हाला?”

“बाळ नाहीये, अक्का.”

त्यांचा हात तोंडावर गेला. “अय्यो देवा. पडलं काय?”

“नाही. नव्हतंच. ती दोघं वेगळी होतायत. त्याचंच दुःख होतं ते. म्हणून ती तुमच्याकडे येऊन निजली होती.”

पलीकडे कुणाचं तरी तिकीट पूर्ण झालं आणि टाळ्या वाजल्या. अक्कांनी कात्री मिटली. ती पिशवीत ठेवली. मग साडीच्या घडीवरून तळहात फिरवत राहिल्या. सून म्हणाली होती, अम्मा रडणार. अक्का रडल्या नाहीत. आपल्या आईला ती नीटशी ओळखत नव्हती, किंवा मग अजून रडायची वेळ आली नव्हती.

“तुम्हाला कुणी सांगितलं?” त्यांनी विचारलं.

“तिनंच.”

“कधी?”

“निघायच्या आदल्या दिवशी. घरी आली होती.”

त्या मनाशी काहीतरी जुळवत होत्या हे मला दिसत होतं. “म्हणजे माझ्याकडून गेली, ती नंतर तुमच्याकडे आली. चार दिवस माझ्याजवळ निजली. मी तिच्या डोक्याला तेल लावत होते. तेव्हा बोलली नाही. आणि तुमच्याकडे येऊन बोलली.”

“तुमचा प्रवास बिघडू नये म्हणून, अक्का.”

“ते बोलायचं कारण झालं,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, राग असता तर मला सोपं गेलं असतं. “संसार मोडतो, ताई. आता सगळ्यांचेच मोडायला लागलेत. दुकानात रोज ऐकते मी. पण मुलगी आधी आईला सांगते. सासूला नाही. माझं काय चुकलं?”

मला कारण ठाऊक होतं. चप्पल घालता घालता सुनेनं मला ते सांगितलं होतं आणि मला बरंही वाटलं होतं. आता त्या बरं वाटण्याची मला शिसारी आली. मी म्हटलं, “तुमचं काही चुकलं नाही.” त्यांना ते पटलं नाही, हे त्यांच्या नजरेत दिसलं.

खिडकीबाहेर बघायला काहीही नव्हतं. मग अक्कांनी माझी साडी उचलली, नीट चौघडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवली. दुपट्याचे तुकडे पिशवीत भरले.

“तुम्ही मला सांगितलं, हे तिला कळायचं नाही,” त्या म्हणाल्या.

“अक्का, मीच सांगेन तिला. मी शब्द मोडला हे...”

“नाही. ऐका माझं.” पहिल्यांदाच त्यांनी मला दटावलं. “आज तिच्याजवळ कोण आहे? नवरा गेला. माझ्याशी बोलवत नाही तिला. तुमच्यावर तेवढा एक भरवसा आहे तिचा. तो मोडायचा नाही. ती येऊन सांगेल तेव्हा मला कळेल. तोवर मला काही ठाऊक नाही. अण्णांना पण नाही.” त्या उठल्या, पदर सावरला. “त्यांच्या चहाची वेळ झाली. पत्ते हातात असले की त्यांना भूक कळत नाही.”

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर अक्का नेहमीसारख्याच होत्या. वाढप्याची नक्कल केली, अण्णांच्या पानातला जादाचा गोड पदार्थ उचलून ह्यांना दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्टर होता, पूड होती, माझा पेलाही होता. त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला आणि आपला घेऊन अण्णांजवळ जाऊन बसल्या. डार्विनपासून पुढे सगळ्या प्रवासात त्या माझ्याशी चांगल्या वागल्या. चांगल्या वागल्या, एवढंच. ज्या बाईनं माझे टाके दुखेपर्यंत मला हसवलं होतं, ती मला आता ‘आधी तुम्ही घ्या’, ‘तुम्ही बसा’ म्हणत होती. मुलं वेगळी झाली की विहिणी एकमेकींच्या कोण लागतात, मला माहीत नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

बंगळुरूला परतलो. दोन-तीन दिवसांनी सून चामराजपेटला गेली. त्या दिवशी मी जे. पी. नगरच्या घरात काम काढून बसले होते. धुतलेले डबे पुन्हा धुतले. ह्यांनी पेपर उघडला होता, पण पान उलटत नव्हते. संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज बसलेला होता.

“सांगितलं, आई,” ती म्हणाली. “तिला काहीच कल्पना नव्हती. मी बोलत होते आणि ती नुसती बघत होती. मग खूप रडली. मी तिला असं रडताना कधी बघितलं नव्हतं.”

“हं,” मी म्हटलं.

“तुम्ही शब्द पाळलात, म्हणून मला नीट सांगता आलं.”

ह्यांनी पेपरवरून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

“आई, मी तिला एक खोटं सांगितलंय. तुम्ही तेवढं सांभाळून घ्या,” सून म्हणाली. “तुम्हाला आधी सांगितलं हे मी बोललेच नाही. तिला फार लागलं असतं. मी म्हटलं, अम्मा, अजून कुणाला ठाऊक नाही, पहिल्यांदा तुलाच सांगतेय.”

“मग?” मी विचारलं. “मग त्या काय म्हणाल्या?”

“रडायची थांबली. माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, बरं केलंस, मला आधी सांगितलंस.”